पुस्तकात नसलेली आई

आमच्या प्सेनामू गावात पुस्तक वाचायचो मी आणि लोक ऐकायचे ते हात्रेसचं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागाहून कोणीतरी म्हणेल, सेरेनोसच्या पोटात दुखत होतं म्हणून त्याने असं लिहिलं. दुखत होतंच. तीस वर्षं दुखलं. आता हात्रेस जाऊन चार वर्षं झाली आणि प्रार्थनाघराच्या अंगणात इतकी शांतता असते, की वाटतं, असू दे पोटदुखी, पण तो गाढववाला परत यावा.

मी इथला वाचक. माझे वडील गावाचे लेखनिक होते. ग्रीक त्यांनी मला छडी हातात घेऊन शिकवलं, त्यामुळे ते पक्कं आहे. प्रभूची सगळी वचनं ग्रीकमध्ये लिहिलेली, आणि गावात ग्रीक कळणारी माणसं मोजून तीन. एक मी. दुसरा करवसुलीवाला, जो आमच्या दारात कधी यायचा नाही आणि आला असता तर आम्ही मागच्या दाराने पळालो असतो. आणि तिसरा हात्रेस.

गावोगावी पद्धत अशी, की वाचकाने चार ओळी वाचायच्या आणि थांबायचं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने त्या गावच्या बोलीत सांगायच्या. मग पुढच्या चार. आमचा सांगणारा शेजारच्या गावाहून यायचा; म्हातारा होता, तो एका उन्हाळ्यात वारला. त्यानंतर तीन रविवार मी नुसता ग्रीक वाचत होतो आणि समोर नऊ माणसं डोळे उघडे ठेवून झोपत होती. त्यांतली एक माझी बायको.

चौथ्या रविवारी हात्रेस विटा टाकायला आला. बुटका, रुंद, लसणाचा वास मारणारा. अठरा वर्षं त्याने गाढवांवरून बंदरापर्यंत धान्य नेलं होतं. तिथल्या कारकुनांशी भांडून भांडून तो ग्रीक शिकला होता, त्यामुळे त्याच्या शिव्या माझ्यापेक्षा शुद्ध होत्या. ज्या कारकुनांवर राग, त्यांची नावं तो गाढवांना ठेवायचा. मी वाचत होतो, तो विटा रचत होता. मध्येच हात थांबवून म्हणाला, "अहो, हा माणूस काय वाचतोय ते तुम्हाला कळतंय का?"

नऊ माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

"वादळ आलंय! नाव बुडायला लागलीय आणि हा गुरू उशीवर डोकं ठेवून झोपलाय!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ए बाबा, थांबलास का? पुढे काय झालं?"

त्या दिवशी विटा अर्ध्याच उतरल्या. नऊची नऊ माणसं जागी झाली, आणि त्यांच्याहून जास्त जागा झाला तो हात्रेस. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि पुढचं वाच म्हणायचा. मी त्याला विश्वासाचं सार समजावू लागलो, की म्हणे, "सार राहू दे रे. गोष्ट सांग." वर्षाच्या आत त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि रविवारी माझ्या शेजारी, हट्टी गाढवासमोर उभं राहावं तसा पाय फाकून उभा राहू लागला.

सहा वर्षांत आम्हाला अंगणाची भिंत पाडून पुढे सरकवावी लागली. शेजारच्या गावांहून माणसं यायला लागली. घरी जाऊन तीच गोष्ट ती आपल्या गल्लीत सांगायची, मग गल्लीतलं कोणीतरी खरं-खोटं करायला यायचं आणि इथेच अडकायचं. तीन गावांनी पुस्तकाची प्रत मागितली. तिन्ही मी माझ्या हाताने लिहिल्या, माझी पाठ अजून त्याची साक्ष देते. प्रत न्यायला आलेला प्रत्येक जण मला नमस्कार करायचा आणि विचारायचा, "पुस्तक तर मिळालं. आता हात्रेसला कधी पाठवता?"

आता खोड सांगतो. हात्रेस पदरचं घालायचा.

सुरुवात गाढवांपासून झाली. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला परक्या जातीचा एक शोमरोनी माणूस आपल्या जनावरावर घालून नेतो, ही गोष्ट मी एका रविवारी वाचली. पुस्तकात जनावर एका शब्दात उरकलं आहे. हात्रेसने त्याला नाव दिलं, डावा मागचा पाय अधू केला, आणि जखमी माणसाला हिसका बसू नये म्हणून ते बिचारं कसं जपून चाललं, हे एवढं रंगवलं की बायकांनी गाढवासाठी डोळे पुसले. मी दातांतल्या दातांत ग्रीकमध्ये विचारलं, "हे कुठे लिहिलंय?"

"तुझ्या दोन ओळींच्या मधे," तो म्हणाला. "तिथे बरीच जागा आहे."

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. एक तर अंगण भरलेलं होतं, आणि ते रिकामं कसं दिसतं हे मी पाहिलं होतं. आणि दुसरं म्हणजे, गाढवाच्या त्या वर्णनाला मी स्वतः हसलो होतो.

प्रार्थनाघराच्या अंगणाच्या भिंतीतल्या खिडकीखाली, गल्लीत, ताएसे बसायची. उकडलेली मसूर विकायची. तिच्या मसुरीला गावात तोड नव्हती आणि तिच्या तोंडालाही. आमची प्रार्थना उरकली की आम्ही सगळे जेवायला आपापल्या घरी जायचो, तिच्याकडे थांबायचो नाही, म्हणून ती आमच्यावर खार खाऊन असायची. तिचा एकुलता एक मुलगा होरिओन सात वर्षांपूर्वी तिच्याशी भांडून गेला होता. तिच्या मनाविरुद्ध त्याने जाळी विणणाऱ्याच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा ती म्हणाली, "या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." पोरगं आईवरच गेलेलं, त्याने ठेवलं नाही. नावाडी कधी कधी सांगायचे, अलेक्झांड्रियात दोर वळतो म्हणून. मी तिला दोनदा म्हटलं, "ताई, पत्र लिहून देतो." तर म्हणाली, "गेला तो. येईल तो. मी का लिहू?"

एका रविवारी मी धाकट्या मुलाची गोष्ट वाचली. बापाकडून आपला वाटा घेऊन परदेशी गेलेला, सगळं उधळून डुकरं राखायला लागलेला, मग उपाशीपोटी घराकडे निघालेला तो पोरगा. बाप त्याला लांबून बघतो, तिथपर्यंत मी आलो आणि थांबलो. हात्रेस सांगू लागला, खिडकीकडे बघितलं, आणि अडखळला. मग म्हणाला, "आणि घरात त्याची आई होती."

मी मान वर केली. पुस्तकात आई नाही. एका अक्षराने नाही.

"चुलीपाशी बसलेली असायची," हात्रेस सांगत होता. "रोज त्याच्या वाटचं काढून ठेवायची. नवरा म्हणायचा, अगं, कशाला नासवतेस? ती काही बोलायची नाही. बसायची. वाट बघायची."

पुढच्या रविवारी ताएसे उंबऱ्यावर येऊन बसली. त्याच्या पुढच्या रविवारी ती आत आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "सरक." तिच्या मागोमाग तिची नणंद आली, मासे विकणारा पेकूसिस आला, हळूहळू अर्धी गल्ली आली. वर्षातून दोनतीनदा ती गोष्ट यायची, आणि दर वेळी हात्रेसची आई चुलीपाशी थोडी जास्त वेळ बसायची. अशी तीन वर्षं गेली.

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला अकरा जण बाप्तिस्मा घेणार होते, आणि त्यांना पारखायला शहरातून धर्मगुरू दिओस्कोरोस आले. सडपातळ, मृदू, बोलणं स्वच्छ ग्रीक. मी निश्चिंत होतो. ते ग्रीकमध्ये विचारणार, हात्रेस बोलीत सांगणार, लोकांची उत्तरं हात्रेसच ग्रीकमध्ये करणार. म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. दिओस्कोरोस चटईवर बसले, पाण्याचा घोट घेतला, आणि अस्सल आमच्या बोलीत म्हणाले, "बसा रे सगळे. ऊन लागतंय का, माई?"

हात्रेसचा चेहरा कणकेसारखा झाला.

"माझी दाई तुमच्याच बाजूची," ते हसून म्हणाले. "आईच्या आधी मी तिचीच भाषा शिकलो. बरं, एकच विचारतो. कोणत्या वचनाने तुम्हाला इथवर आणलं?"

पेकूसिस पहिला. "ते गाढव हो, बाबा."

"कोणतं गाढव?"

"अधू पायाचं. शोमरोन्याचं. मी म्हटलं, मुकं जनावर जर इतकं जपून चालतं, तर मी माशाच्या टोपलीत खाली शिळे मासे का घालावेत? सोडलं मी ते तेव्हापासून."

दिओस्कोरोस माझ्याकडे बघत राहिले. मी आभाळाकडे बघितलं. दुसरी ताएसेची नणंद, ती पण गाढवच म्हणाली. तिसरी ताएसे.

"त्या धाकट्या मुलाची आई," ती म्हणाली.

"कोणाची आई?"

"डुकरं राखायला गेला ना, त्याची. चुलीपाशी बसून वाट बघते ती. मला तिनंच आणलं. मी म्हटलं, हिला जमतं तर मलाही जमेल. सात वर्षं झाली होती मला, आता दहा झाली. बसलेय मी."

दिओस्कोरोसांनी पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. मग मला म्हणाले, "वाचका, पुस्तक काढा."

मी वाचलं. माझा आवाज त्या दिवशी शेळीसारखा येत होता. त्यांनी स्वतः ओळीओळीने बोलीत सांगितलं. बाप आला, दोन मुलगे आले, डुकरं आली, वासरू कापलं गेलं, गोष्ट संपली.

"आणि आई?" ताएसेने विचारलं.

"आई नाही, माई."

"आत असेल. घरात."

"पुस्तक तिच्याबद्दल काहीच बोलत नाही."

ती माझ्याकडे वळली. "सेरेनोस, तू वाचतोस. तुला ठाऊक होतं?"

"हो, ताई."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"आणि तीन वर्षं मी तुला मसुरीत वरून जास्तीचं जिरं घालून देतेय!" ती म्हणाली, आणि कोणीतरी मागे फिसकन हसलं. तिला हसू आलं नाही. ती हात्रेसकडे वळली. "आणि तू? का सांगितलंस?"

हात्रेस पायांकडे बघत उभा होता.

"त्या रविवारी तू खिडकीतून दिसलीस," तो म्हणाला. "हातात पळी तशीच, पातेलं उतू चाललेलं, तुला पत्ता नाही. कान इकडे. मला वाटलं, या बाईला या गोष्टीत बसायला जागाच नाही. म्हणून केली."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दिओस्कोरोस काय शिक्षा करतात याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. मला मात्र धास्ती ताएसेची. ही बाई आता उठून जाईल, आणि तिच्यामागून अर्धी गल्ली. आणि आमच्या शब्दावर ती पुन्हा का विश्वास ठेवील? मी तरी ठेवला असता का?

ती उठली नाही. म्हणाली, "बसायला जागा दिलीस. आणि मी बसले." मग जरा वेळाने, "पुन्हा वाच, सेरेनोस. आणि सांगू दे यालाच. पण तुझी गाढवं-बिढवं घातलीस तर बघ."

दिओस्कोरोसांनी मान हलवली. मी वाचू लागलो. हात्रेस आयुष्यात पहिल्यांदा फक्त पुस्तकातलं सांगत होता, आणि त्याला घाम फुटला होता. बापाने मुलाला लांबून पाहिलं, बापाला कळवळा आला, बाप धावत गेला.

"थांब," ताएसे म्हणाली. "धावत?"

"धावत."

"म्हातारा माणूस?"

"पोरं वाढलेली म्हणजे असेलच."

"नोकरचाकर, जमीनजुमला असलेला? अंगरखा वर धरून, लोकांदेखत?"

"अंगरख्याचं लिहिलेलं नाही, पण धावला. आईशपथ, ताएसे, हे मी नाही घातलं."

"पुस्तकातच आहे, माई," दिओस्कोरोस म्हणाले.

"मग हे मला आजवर का नाही सांगितलं?"

"दर वेळी सांगितलं," हात्रेस म्हणाला. "पण तू आईकडे बघत असायचीस."

ताएसे बोटांनी चटईच्या काड्या मोडत बसली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे बसून वाट बघणारं तिथे कोणीच नाही." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "हात्रेस, बंदरावर कधी जातोस?"

"परवा."

"उद्या जा. आणि मला घेऊन जा."

दिओस्कोरोस गडबडले. "माई, बाप्तिस्मा नऊ दिवसांवर आलाय! आता गेलात तर पुढच्या सणापर्यंत थांबावं लागेल."

"का हो, बाबा? अलेक्झांड्रियात पाणी नाही?"

पहिले हसले ते दिओस्कोरोसच, तेही इतके की त्यांना डोळे टिपावे लागले. मग त्यांनी माझ्याकडून पपायरसचा तुकडा मागून घेतला आणि तिथल्या बंधूंना स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, की ही आमची बहीण शिकते आहे, हिला आपल्यात घ्या. शिकते आहे हे वाचून दाखवल्यावर ताएसे म्हणाली, "लिहा की, नीट शिकवलं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी, फार्मुथी महिन्याच्या बाराव्या सकाळी, ती निघाली. साठीची बाई, आयुष्यात नदीपलीकडे गेलेली नव्हती. एका गाढवावर ती, दुसऱ्यावर तिचं पातेलं. पेकूसिस म्हणाला, "मावशी, पातेलं कशाला?" तर म्हणे, "तो लगेच सापडला नाही तर तोवर खाऊ काय, तुझे शिळे मासे?" सगळी गल्ली कालव्यापर्यंत पोचवायला गेली. मीही गेलो.

हात्रेसला शिक्षा झाली. दिओस्कोरोसांनी ठरवून दिलं, की आधी पुस्तकातलं सांगायचं, जसंच्या तसं. त्यानंतर स्वतःचं काही सांगावंसंच वाटलं, तर उजवा हात वर करायचा, म्हणजे लोकांना कळेल की आता हात्रेस बोलतो आहे. त्याने मरेपर्यंत ते पाळलं. मात्र झालं असं, की लोक त्या हाताची वाट बघत बसायचे, आणि तो वर गेला नाही तर पोरं मागून ओरडायची, "हात्रेसकाका, हात!"

ताएसेची काही खबर आली नाही. पूर आला, शेतं बुडाली, पूर ओसरला. हात्रेस दर खेपेला बंदरावर नावाड्यांना विचारायचा आणि रिकाम्या चेहऱ्याने परत यायचा. एकदा मला म्हणाला, "सेरेनोस, मी तिला बसवून ठेवली असती तर निदान डोळ्यांसमोर तरी असती." मी म्हटलं, "तिला उठवली ती तू नाही, पुस्तकाने." त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

पेरण्या संपता संपता एक नावाडी पत्र घेऊन आला. अलेक्झांड्रियातल्या, दोरवाल्यांच्या वस्तीतल्या एका छोट्या प्रार्थनाघराच्या वाचकाचं. मला, वाचकाला, म्हणून लिहिलेलं. हात्रेस अंगणात गाढवाचं खोगीर शिवत होता. मी तिथेच उभा राहून त्याला वाचून दाखवलं.

नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्या भल्या माणसाने लिहिलं होतं, की तुमच्याकडून आलेली बहीण धक्क्यावर मसूर विकते आणि खाणाऱ्यांना धाकट्या मुलाची गोष्ट सांगते. ती ऐकून या हंगामात चौदा माणसं आमच्याकडे आली. आमच्या नेहमीच्या वाचनाने इतकी कधी आली नव्हती. मात्र एक अडचण आहे. तिच्या सांगण्यात, बाप धावून धावून दमतो, तेव्हा आई उठते, गाढवावर बसते, नावेत बसते, आणि स्वतः त्या परदेशात जाते. अठरा दिवस दारोदार विचारते. मुलगा सापडल्यावर आधी त्याला पळीने मारते आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडते. हा भाग आमच्या पुस्तकात नाही. आम्ही दोन प्रती ताडून पाहिल्या. तिचा मुलगा होरिओन, जो आता बायकोमुलांसह आमच्यात येऊन बसतो आणि ज्याने सणाच्या बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं आहे, तो मात्र म्हणतो की हे सगळं अक्षरशः खरं आहे, विशेषतः पळी. तरी आपल्या प्रतीतून तेवढा भाग उतरवून याच माणसाबरोबर पाठवावा, ही विनंती.

हात्रेस खोगिरावर बसला. सुई हातातच होती. "हे मी नाही हं सांगितलं तिला," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.

नावाड्याला घाई होती. मी पपायरस घेतला आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात उत्तर लिहिलं.

"प्रिय बंधू, हा भाग आमच्याही पुस्तकात नाही. पण घडलेला आहे. बाई इथून फार्मुथीच्या बाराव्या दिवशी सकाळी निघाली. मी स्वतः पाहिलं आहे."